टपालवाल्याच्या कोटाचं भोक

आधीच सांगून टाकते, चूक माझी नव्हती. भोक दिसलं, मी बुजवलं. पन्नास वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. लोक माझ्याकडे विडीनं जळालेले सूट आणतात, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली आणतात, बायकोला कळायच्या आत बुजवा म्हणून हात जोडतात, आणि मी बुजवते. काही भोकं जपायची असतात, त्यांना काचेच्या पेटीत ठेवून शेजारी पाटी लावायची असते, हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीही नाही.

आम्ही लेकीकडे निघालो होतो. मी, मुलगा आणि सूनबाई. अर्ध्या वाटेत गाडीनं भसकन वाफ सोडली आणि बसकण मारली. ढकलत ढकलत गावातल्या गॅरेजात नेली, तर मेकॅनिक म्हणाला, कसलासा पट्टा तुटलाय, आणायला माणूस पाठवावा लागेल, तीन तास धरून चाला. मुलगा म्हणाला, "तुम्ही दोघी कुठंतरी सावलीत बसा, मी थांबतो इथं." त्याला गाडीतलं काही कळतं अशातला भाग नाही. पण मेकॅनिकच्या डोक्याशी, कमरेवर हात ठेवून, उभं राहिलं की गाडी आपणच दुरुस्त करतोय असं त्याला वाटतं. त्याच्या वडलांनाही वाटायचं.

भर दुपारची वेळ. रस्त्यावर चिटपाखरू नाही, दुकानांची शटरं अर्धी खाली. एकच दार सताड उघडं होतं आणि आत पंखा फिरताना दिसत होता. सूनबाईनं वरची पाटी वाचली. "संग्रहालय आहे, आई. गावाच्या इतिहासाचं."

"पंखा आहे ना? मग चल."

दोन खोल्या. पहिलीत गंजलेली कुलपं, तराजू, एक टाइपरायटर, दिव्यांच्या फुटक्या चिमण्या आणि तीन पायांची खुर्ची. चौथ्या पायाच्या जागी विटा रचलेल्या आणि वर कागद, "बसू नये". माझ्या माळ्यावर याहून जास्त सामान आहे आणि धूळ कमी. पण मी तोंड उघडलं नाही, कारण तिथला माणूस आम्हाला बघून इतका हरखला होता की त्याच्या तोंडावर काही बोलणं म्हणजे पापच.

तो शाळेतला निवृत्त मास्तर. काटकुळा, पासष्टीच्या पुढचा, कडक इस्त्रीचा शर्ट आणि हातात फळ्यावरचं दाखवायची लांब छडी. शाळा सुटली तरी छडी सुटलेली नव्हती.

"अकरा दिवसांनी पाहुणे आले!" तो म्हणाला. "आणि तेही आजच! आज चार वाजता समिती येणार आहे, ताई."

"कसली समिती?"

मग त्यानं सांगितलं. ही इमारत पाडणार होते. नगरपालिकेच्या नव्या इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या एक तर संग्रहालयाला मिळणार, नाही तर पाणीपट्टीच्या खिडकीला. पाणीपट्टीला गेल्या तर हे सगळं खोक्यांत भरून तळघरात. आणि तळघरात, मास्तर म्हणाला, एकदा गेलेलं काही वर आल्याचं त्याला आठवत नव्हतं. तीस वर्षं त्यानं एकट्यानं हे सांभाळलं होतं. झाडलोटसुद्धा तोच करायचा.

"सगळी मदार त्या कोटावर आहे," त्यानं छडीनं आतली खोली दाखवली. "समितीनं एकदा का कोट बघितला की..." इतक्यात त्याचा फोन वाजला. घरून जेवायला बोलावत होते. पहाटेपासून तो उपाशी राबत होता, पेटीच्या काचासुद्धा धुऊन मागच्या अंगणात वाळत लावल्या होत्या. तो घुटमळला. मग म्हणाला, "ताई, तुम्ही बसणारच आहात तर जरा लक्ष ठेवाल? मी सव्वातीनपर्यंत येतो. कुणी हात लावायला आलं तर लावू देऊ नका."

कुणी आलं नाही. आणि मी काही आले नव्हते, मी तर होतेच.

सूनबाईला ऑफिसचा फोन आला. कानात ती बोंडं घालून ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली आणि हवेशी भांडायला लागली. मी आतल्या खोलीत गेले.

कोट लाकडी स्टँडवर चढवला होता. गडद निळी लोकर, जाड, घट्ट विणीची. आतून अस्तर नाही. गुडघ्यापर्यंत लांब, पितळी बटणं. असली लोकर आता बघायला मिळत नाही. आता मिळतं ते कापड पहिल्या धुण्यात आपलं पोट उघडं करतं. मी बोटांत धरून बघितलं आणि खरं सांगते, सुखावले. आणि मग डाव्या खिशाच्या खाली ते भोक दिसलं. करंगळी आरपार जाईल एवढं.

शेजारी चौकटीत पाटी होती. मी वाचली नाही. मी चौथीपर्यंत शिकले आहे, वाचता येतं मला, पण अक्षरं मुंगीएवढी होती आणि चष्मा गाडीत. शिवाय कापडाबद्दल मला पाटी काय सांगणार? भोकाच्या कडा कुरतडलेल्या होत्या, बोट फिरवलं तर बारीक भुगा लागला. कसर, लोकर खाणारी कीड. इतका देखणा कोट आणि वर्षातून एकदा उन्हात टाकायची कुणाला अक्कल नव्हती. आणि हा मास्तर, बिचारा, असल्या भोकाचा कोट घेऊन समितीपुढं उभा राहणार! सगळी मदार म्हणे कोटावर!

माझे हात शिवशिवायला लागले.

सुयांची डबी माझ्या पिशवीत कायम असते. लोक औषधं बाळगतात, मी सुया बाळगते. बटणं काढून कोट उतरवला, डावी बाजू तेवढी उलटली, खालच्या दुमडीतून त्याच लोकरीचे धागे उपसले आणि खिडकीशी स्टूल ओढून बसले. आधी उभे धागे, मग आडवे. एक वर, एक खाली, विणेनं जशी वाट दिली असेल तसंच जायचं. आयुष्यात मी कुणाचं ऐकलं असेल तर विणेचं. कान दुखेपर्यंत सासूचंही ऐकलं, पण ते मनातून नाही.

सव्वा तास लागला. शेवटी जरा घाई केली, आतल्या बाजूला धाग्यांची चार टोकं लोंबत राहिली. म्हटलं राहू दे, आत कोण बघतंय. बाहेरून मात्र असं झालं की माझं मलाच कौतुक वाटलं. ओलं फडकं ठेवून तळहातानं दाबलं, कोट परत चढवला, बटणं लावली.

बरोबर सव्वातीनला मास्तर आला. ढेकर देत आला, खुशीत होता. "मी जरा तालीम करतो हं, ताई," म्हणाला आणि कोटाशेजारी छडी घेऊन उभा राहिला. समोर रिकाम्या खुर्च्या. डोळे मिटले. सूनबाईचा फोन संपला होता, तीही दारात येऊन उभी राहिली.

"सन्माननीय सदस्यहो," मास्तर म्हणाला. "ज्या टपालवाल्याच्या पराक्रमानं हे गाव ओळखलं जातं, त्याचा हा कोट. आणि हेच ते..."

छडी आपोआप डाव्या खिशाखाली गेली. तीस वर्षांची सवय. छडीचं टोक कापडावरून सुळकन घसरलं.

त्यानं डोळे उघडले. परत टेकवली. परत घसरली. त्यानं चष्मा काढला, शर्टानं पुसला, घातला. मग वाकून बघितलं, मग गुडघ्यावर बसून बघितलं. मग उठून स्टँडच्या मागं गेला आणि कोट उलटा तर लागला नाही ना ते बघितलं.

मी हात बांधून उभी होते. मला वाटलं, कौतुक चाललंय.

"भोक कुठंय?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"होतं ना? आता नाही."

"कुठं गेलं?"

"भोक कुठं जातंय मास्तर? बुजवलं मी. समिती येणार म्हणालात, म्हटलं असल्या कोटात लोक तुम्हाला काय म्हणतील. आभार मानू नका, माझ्या हातचा मळ आहे तो."

मास्तर पहिल्या खोलीत गेला आणि "बसू नये" लिहिलेल्या खुर्चीवर बसला. विटा कुरकुरल्या, पण खुर्चीनं लाज राखली.

सूनबाई चौकटीतली पाटी वाचत होती. "आई," ती म्हणाली, "'याच ठिकाणी दरोडेखोराची गोळी कोटातून आरपार गेली. ते भोक आजही त्या प्रसंगाची साक्ष देत आहे.'"

"आजही?"

"दुपारपर्यंत देत होतं."

या मुलीला कुठं हसावं ते कळत नाही. मी तिला डोळ्यांनी दटावलं, पण माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं. तरी खरं ते खरं. मी मास्तरपुढं जाऊन उभी राहिले.

"गोळी म्हणे! मास्तर, तुमच्या दरोडेखोराला सहा पाय होते. कसर होती ती."

"तीस वर्षं मी शाळेतल्या मुलांना ते भोक दाखवतोय!"

"मग तीस वर्षं पोरं कसरीला नमस्कार करतायत."

"अहो पण ऐंशी वर्षांपूर्वी पुलावर तिघांनी त्याला अडवलं!" मास्तर उठला. दुःखातसुद्धा त्याला शिकवायचं सुटत नव्हतं. "एकानं अगदी जवळून गोळी झाडली. ह्यानं टपालाची पिशवी डोक्यावर धरली आणि नदीत उडी टाकली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळेला, याच कोटात, त्यानं घरोघरी पत्रं वाटली!"

"याच कोटात?"

"याच."

"भोकासकट?"

"अर्थातच."

"त्याला बायको नव्हती का?"

मास्तर गोंधळला. "होती. बायको होती."

"मग? सकाळी तिनं त्याला तसाच दारातून बाहेर जाऊ दिला? पोटावर भोक घेऊन?"

त्यानं घड्याळ बघितलं. साडेतीन. "ताई, मी हात जोडतो. तुम्ही घातलेत ते टाके उसवा. मला भोक परत द्या."

माझं काम आजवर कुणी उसवायला सांगितलेलं नाही. मी सांगणार होते त्याला चार शब्द. पण त्याच्या शर्टाच्या कॉलरला घाम आला होता, आणि मागच्या अंगणात त्यानं धुतलेल्या काचा एकीला एक टेकवून, मध्ये वर्तमानपत्र घालून, किती निगुतीनं ठेवल्या होत्या ते मला खिडकीतून दिसत होतं. हे सगळं मी तळघरात घातलं होतं, माझ्या दोन हातांनी.

"आणा तो कोट," मी म्हटलं.

"नाही तर कात्रीनं गोल कापलं तर?" सूनबाई म्हणाली.

मास्तरनं तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिलं होतं. ती गप्प झाली. तिला असं गप्प करणं मला बारा वर्षांत जमलेलं नाही.

उसवायचं तर आतल्या बाजूनं. मी कोट टेबलावर आणला, सगळी बटणं काढली आणि पुरता उलटा करून पसरला. स्टँडवरून उतरवून कुणी तो असा कधी पसरला होता की नाही कोण जाणे. डाव्या बाजूला माझं काम, लोंबती चार टोकं. मी सुई टोचणार तेवढ्यात उजव्या बाजूकडं नजर गेली.

तिथं रफू होतं.

माझं नाही. जुनं. कुशीच्या खाली, रुपयाएवढं. आणि त्याच्या भोवती चहाच्या कपाचा डाग पडतो ना, तसं तपकिरी कडं. मी बोट फिरवलं. लोकर तिथं जरा कडक लागत होती. करपलेली. मी कोट सुलट केला, तीच जागा बघितली. काहीच नाही. करपलेलंही वरून धाग्यांनी झाकलेलं, नुसतं निळंशार कापड. परत उलटा केला. रफू. आणि त्याच्यापासून चार बोटं मागं दुसरं. दोन भोकं, एका ओळीत. एकातून शिरली, दुसऱ्यातून गेली.

"मास्तर," मी म्हटलं. "कसर अशी रेघ आखून खात नाही. इकडं या."

तो आला. वाकला.

सूनबाई भिंतीवरच्या वर्तमानपत्राच्या पिवळ्या कात्रणापाशी गेली. "इथं लिहिलंय बघा, 'गोळी उजव्या कुशीजवळून कोट भेदून गेली.' उजव्या!"

"ते मला माहीत आहे," मास्तर पुटपुटला. "मी मुलांना सांगत आलो, छापणाऱ्यांची चूक आहे म्हणून."

"भोक दिसलं की माणसाला वाचता येत नाही," मी म्हटलं. मला स्वतःला पाटी न वाचल्याबद्दल कुणी काही बोलायच्या आत दुसऱ्याला बोलून घेतलेलं बरं असतं.

त्या रात्री टपालवाला नदीतून भिजून घरी आला असेल. बायकोनं कोट चुलीशी वाळवला असेल, दिव्याच्या उजेडात बसली असेल आणि सकाळच्या टपालाच्या आत दोन्ही भोकं बुजवली असतील. पाटीवर तिच्याबद्दल अक्षर नव्हतं. कुठून असणार? तिनं काम इतकं चोख केलं होतं की ते झाल्याचंच कुणाला कळलं नाही.

दारात गाडी थांबली. चार वाजले होते.

समिती म्हणजे तिघं. एक अधिकारी मॅडम, हातात फाइल आणि कपाळावर आठी. एक कारकून, मॅडम काय म्हणतील ते लिहून घ्यायला. आणि गावातले एक काठीवाले आजोबा, ऐंशीच्या घरातले. हे आजोबा नमस्कार चमत्कार काही न करता थेट कोटाकडं गेले आणि मी नुकत्याच स्टँडवर चढवलेल्या कोटाच्या डाव्या खिशाखाली त्यांनी तर्जनी लावली.

तर्जनी अडली.

"भोक कुठंय?" आजोबा गरजले. "आठ वर्षांचा होतो तेव्हा माझं बोट गेलं होतं यात! आमच्या वर्गातल्या सगळ्यांचं गेलं होतं!"

"तरीच," मी म्हटलं. "कसरीनं केलं होतं राईएवढं, बाकीचं तुमच्या वर्गानं केलं."

"ही कोण?"

"मी भोक बुजवणारी."

मॅडमची आठी वाढली. मास्तरनं पुढं होऊन सगळं सांगितलं, काही न लपवता. कसर सांगितली, मी सांगितली, तीस वर्षं चुकीच्या जागी छडी लावली तेही सांगितलं. असं आपल्याच विरुद्ध बोलणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. माझा नवरा पुऱ्या संसारात इतकं कबूल करून गेला नाही. मग त्यानं छडीनं उजवी बाजू दाखवली. मॅडमनी बघितलं. डोळे बारीक करून बघितलं.

"इथं तर काही नाही."

"तेच तर!" मास्तर म्हणाला. "तेच तर त्याच्या बायकोचं कौशल्य!"

"मास्तर, मी समजू शकते," मॅडम म्हणाल्या, आणि अधिकारी माणूस असं म्हणाला की समजावं, काम झालं नाही. "पण उद्या लोक येणार, काचेतून बघणार, आणि त्यांना दिसणार काय? एक धड कोट. धड कोट तर प्रत्येकाच्या घरी असतो."

कारकुनानं लिहिलं. मला दिसलं त्यानं काय लिहिलं ते. "कोट धड आहे."

"आमचं भोक होतं ते बरं होतं," आजोबा म्हणाले. "बुजवलंत कशाला?"

मास्तरची छडी खाली गेली होती.

आणि इथं माझ्या सूनबाईनं तोंड घातलं. "उलटा टांगला तर? आतली बाजू बाहेर. करपलेलं कडं दिसतं, दोन्ही भोकं दिसतात, त्यांच्यावरचं काम दिसतं. गोळीही कळेल आणि बायकोही."

मॅडमनी कोटाची कड उचलून आत डोकावलं. तपकिरी कडं बघितलं, मग मागचं दुसरं. मग कारकुनाला म्हणाल्या, "अहो, हे बघा." आठी गेली होती. "पण असा उलटा टांगला तर खराब नाही ना होणार? तुम्ही सांगा, आजी. तुम्हाला कापडातलं कळतं. तुम्ही हो म्हणालात तर माझी हरकत नाही."

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

आता एक गोष्ट तुम्हाला कळायला पाहिजे. आमच्या धंद्यात उलटी बाजू कुणाला दाखवत नाहीत. गिऱ्हाईक आतून बघायला लागलं की मी कपडा हातातून काढून घेते. आणि या कोटाच्या उजव्या बाजूला त्या बाईचं काम होतं, एक टोक लोंबत नव्हतं, एक धागा तिरका नव्हता, दिव्याच्या उजेडात केलेलं. आणि डाव्या बाजूला माझं. भर दुपारी, खिडकीशी बसून, पंखा लावून केलेलं. उद्यापासून काचेच्या पेटीत, शेजारी शेजारी.

"त्याचं असं आहे, मॅडम," मी सुरुवात केली. "जुनी लोकर. उलटी टांगली की शिवणीवर भार येतो. वीण ढिली पडते. मग..."

शब्द असे भराभर येत होते की मलाच नवल वाटलं. मॅडम मान हलवत होत्या. कारकुनाचं पेन कागदावर टेकलं. मास्तर माझा शब्दन् शब्द खरा मानून ऐकत होता.

सूनबाई माझ्या कानाशी आली. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "उलट्या बाजूची लाज वाटते ती कुणाच्या? तिच्या की तुमच्या?"

बारा वर्षं मी या पोरीला शिवण शिकवायचा प्रयत्न करतेय, साधं बटण धड लावत नाही. पण सुई कुठं टोचायची ते बरोबर शिकली.

"मग काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"मग काही होत नाही," मी म्हटलं. "सुती पट्टी लावून टांगा, शंभर वर्षं टिकेल. कसर लागू देऊ नका म्हणजे झालं. वर्षातून दोनदा ऊन दाखवा. आणि पाटी बदला. टपालवाल्याचा पराक्रम लिहायचा तो लिहा, पण खाली लिहा, कोट त्याचा, काम तिचं."

"तिचं नाव?" कारकुनानं विचारलं.

मास्तरला माहीत नव्हतं. आजोबांनाही नव्हतं. भोकात बोट घातलेलं त्यांना आठवत होतं.

"शोधतो मी," मास्तर म्हणाला. "जुन्या नोंदी आहेत. आता खोल्या मिळाल्या तर शोधायला जागा तरी..." आणि तो मॅडमकडं बघत थांबला.

मॅडमनी फाइल मिटली. "पाणीपट्टी वरच्या मजल्यावर जाईल."

"वर?" आजोबा ओरडले. "माझे गुडघे बघितलेत का? पाणीपट्टी भरायला मी वर चढू?"

"तुम्ही तशीही दोन वर्षं भरलेली नाही," कारकून म्हणाला. दिवसभरात तो तेवढंच स्वतःच्या मनानं बोलला. आजोबांना त्यानंतर पहिल्या खोलीतल्या तराजूत एकदम रस वाटायला लागला.

मास्तरला काय करावं ते सुचेना. त्यानं मॅडमना नमस्कार केला, कारकुनाला केला, चुकून खुर्चीला केला. मग पेटीच्या काचा आणायला अंगणात धावला.

"थांबा," मी म्हटलं. "काच लावू नका अजून. कोट द्या इकडं."

"आता काय राहिलं?"

"मला काय विचारता? तुमचं काम करा, मला माझं करू द्या."

मी परत खिडकीशी स्टूल ओढलं. बाहेर रस्त्यावर आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. पट्टा बसला होता वाटतं. मुलानं एकदा वाजवला, दोनदा वाजवला, मग बोट काढायचंच विसरला.

"आई, ते बोलावतायत," सूनबाई म्हणाली.

"वाजवू दे. त्याला म्हणावं, आणखी एक फेरी मार, मेकॅनिकला बरं वाटेल."

ती गेली नाही. माझ्या शेजारी जमिनीवर बसली आणि कोटाची बाही नीट धरून ठेवली, लोंबू नये म्हणून. मी एकेक टोक सुईत ओवून आत घेतलं, विणेत लपवलं, कापलं. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. मध्ये मध्ये उजव्या बाजूला नजर टाकत होते, तिनं कसं वळवलंय ते बघायला. बघण्यात कमीपणा नाही. झालं म्हणून मी कोट उचलला, उजेडात धरला.

मास्तर काच घेऊन उभाच होता. त्यानं काच खाली ठेवली, छडी उचलली आणि माझ्या कामावर, अगदी कोपऱ्यात, हळूच टेकवली.

"ताई, इथं एक राहिलंय."

"दिसतंय मला," मी म्हटलं.

दिसलं नव्हतं.